गणिती ग्रंथपाल

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकविणारे शियाळी रामामृत रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, ते काहीशा नाखुशीनेच. त्याच वर्षी विद्यापीठाने त्यांना इंग्लंडला धाडले. तेथील शंभराहून अधिक ग्रंथालये त्यांनी न्याहाळली. एकाच देशातील व्यवस्थांत एवढी तफावत का, हा प्रश्न त्यांना छळू लागला. निरीक्षणांतून नियम काढावयाचा ही शास्त्राची रीत त्यांनी ग्रंथालयास लावली. त्यातूनच १९३१ साली पाच सूत्रे आणि १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण सिद्ध झाले. पुस्तकांच्या जतनापेक्षा त्यांचा वापर आणि वाचकाचा वेळ त्यांनी मोलाचा मानला. १९७२ साली ते निवर्तले. कपाटांतील पुस्तके मोजावयाची, पण रिक्तहस्ते परतलेल्या वाचकाची नोंद ठेवावयाची नाही, अशा ग्रंथालयास त्यांचे नाव घेण्याचा अधिकार कितपत पोचतो?