वेलिंग्टन आणि आपल्या जालन्याची असई



वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तुम्हाला माहीत आहेच. पण त्याचं नाव आधी गाजलं ते आपल्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ. हे आपण मुलांना सांगितलंय का?

त्याचे मूळ नाव आर्थर वेलस्ली. जन्म १७६९, डब्लिन, आयर्लंड. लहानपणीच वडील वारले. शाळेत तो मागे असायचा, व्हायोलिन मात्र आवडीने वाजवायचा. हा काही करून दाखवेल असे आईलाही वाटत नसे. पुढे फ्रान्समध्ये तो घोडेस्वारी शिकला, सैन्यात गेला आणि १७९७ मध्ये भारतात आला.

२३ सप्टेंबर १८०३. भोकरदन ते असई असा शिंदे-भोसल्यांच्या सैन्याचा तळ पसरला होता. वेलस्लीकडे लढायला जेमतेम साडेचार हजार शिपाई. वाटाडे म्हणाले, केळना नदीला इथे उतार नाही. त्याने पाहिलं, दोन्ही काठांवर समोरासमोर गावे आहेत, म्हणजे ये-जा असणारच! उतार सापडला.

पण असईजवळ त्याचे पायदळ तोफांच्या माऱ्यात सापडले. तेव्हा १९वी लाइट ड्रॅगून्स ही घोडदळाची पलटण मद्रासच्या देशी स्वारांसह धावून गेली. (ड्रॅगून म्हणजे पूर्वी घोड्यावरून जाऊन खाली उतरून लढणारे शिपाई. पुढे ते घोडदळच झाले.) त्यांनी पायदळाला वाचवले. त्यांचा सेनानी मॅक्सवेल मात्र शेवटच्या हल्ल्यात पडला.

शिंद्यांचे गोलंदाजही कमी नव्हते. काहीजण मेल्यासारखे पडून राहिले आणि शत्रू पुढे जाताच उठून पुन्हा तोफा डागू लागले. वेलस्लीचा एक घोडा गोळीने पडला, दुसऱ्याला भाला लागला. तो जिंकला, पण त्याची दीड हजारांवर माणसे मेली किंवा जखमी झाली. त्यांत आपल्याच देशातले शिपाई कितीतरी होते.

पुढे १८१५ ला वॉटर्लू झाले, १८२८ मध्ये तो इंग्लंडचा पंतप्रधान झाला, १८५२ मध्ये वारला. तरी आपली सर्वात चांगली लढाई कोणती, तर असई, असेच तो सांगे.

त्या ड्रॅगून पलटणीला असईचे नाव आणि हत्तीचे चिन्ह मानाने मिळाले. तोफेपाशी मेलेल्या आपल्या गोलंदाजांची नावे मात्र मुलांना कुठल्या धड्यात सापडत नाहीत. म्हणून हा धडा शिकवताना नकाशावर आधी असई दाखवा, मग वॉटर्लू. आणि मुलांना एवढंच विचारा, दोन्ही बाजूंनी मेलं कोण?