होम्सच्या बापाने लढलेली केस

शेरलॉक होम्स अजिबात वाचला नाही असा प्राणी आपल्या होस्टेलवर सापडणं कठीण. ज्यांना इंग्रजी जड जातं त्यांनी भालबा केळकरांच्या अनुवादातून वाचलाय. पण होम्सला जन्माला घालणारे सर आर्थर कॉनन डॉयल स्वतः एका खऱ्याखुऱ्या खून खटल्यात कितीतरी वर्षं डोकं घालून बसले होते, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. मला तर होम्सपेक्षा हे डॉयलच जास्त आवडतात, म्हणून हा लेखनप्रपंच!

डॉयल यांचा जन्म 1859 चा, एडिंबरोचा. शिक्षण डॉक्टरकीचं. कॉलेजात जोसेफ बेल नावाचे एक प्राध्यापक होते. पेशंट दारातून आत आला की नुसतं बघून ते त्याचा धंदा, गाव वगैरे सांगायचे. होम्सचं मूळ तिथलं. पहिली होम्सकथा 1887 साली आली. पुढे 1891 मध्ये डॉयलनी लंडनला डोळ्यांचा दवाखाना थाटला, पण पेशंट काही फिरकेनात. रिकामा वेळच वेळ! मग गोष्टी लिहिल्या आणि त्या तुफान चालल्या. इतक्या, की कंटाळून 1893 मध्ये त्यांनी होम्सला मारूनच टाकलं. वाचकांच्या रेट्यामुळे पुढे परत जिवंत करावं लागलं, तो भाग सोडा.

डोळ्यांचं ते ज्ञान मात्र वाया गेलं नाही. जॉर्ज एडलजी नावाचा बर्मिंगहॅमचा एक वकील. त्याचे वडील शापूरजी मूळचे आपल्या मुंबईचे पारशी, धर्म बदलून तिकडे पाद्री झालेले. रात्री शेतात जाऊन एका तट्टाला जखमी केल्याच्या आरोपावरून 1903 साली जॉर्जला सात वर्षांची शिक्षा झाली. तीन वर्षांनी सोडलं, पण निर्दोष म्हणून नव्हे. डॉयल त्याला भेटायला गेले तर हा पेपर अगदी डोळ्याशी धरून वाचतोय. एवढी अधू नजर असलेला माणूस अंधारात शेतं तुडवत जाईल? डॉयलनी 1907 मध्ये लेख लिहून रान उठवलं. एडलजीला माफी मिळाली, भरपाई मात्र दमडीची नाही. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलाच्या कोर्टाचा कायदा झाला, त्याला या केसचाही हातभार होता.

आता खरी केस. 21 डिसेंबर 1908, ग्लासगो. मॅरियन गिलख्रिस्ट नावाच्या 82 वर्षांच्या श्रीमंत बाई फ्लॅटमध्ये मोलकरणीसोबत राहायच्या. मोलकरीण दहा मिनिटांसाठी पेपर आणायला गेली. तेवढ्यात खालच्या शेजाऱ्याला वरून धडपड ऐकू आली. तो वर येतो, मोलकरीणही परत येते, तर आतून एक माणूस शांतपणे बाहेर पडून दोघांच्या समोरून जिना उतरून गेला! आत बाईंचं डोकं ठेचलेलं. दागिने भरपूर होते, पण गेला फक्त एक हिऱ्यांचा ब्रोच. कागदांची पेटी मात्र फोडलेली.

पोलिसांना कळलं, की ऑस्कर स्लेटर नावाचा जर्मन ज्यू हिऱ्यांच्या ब्रोचची गहाणपावती विकायला बघतोय आणि खोटं नाव घेऊन अमेरिकेच्या बोटीत बसलाय. झालं, सापडला खुनी! गंमत म्हणजे तो ब्रोच बाईंचा नव्हताच, आणि खुनाच्या महिनाभर आधीच गहाण पडला होता. आपल्याकडे जर्नलमध्ये एवढी मोठी चूक निघाली तर सर पूर्ण प्रॅक्टिकल परत करायला लावतात. इथे पोलिसांनी रीडिंग चुकलं तरी उत्तर तेच ठेवलं. ओळख पटवायला आणलेल्या साक्षीदारांना त्याचा फोटो आधीच दाखवला होता. ग्लासगोतल्या ओळख परेडमध्ये त्याच्यासोबत उभे केले ते साध्या कपड्यातले पोलीस आणि रेल्वेवाले. परका चेहरा त्याचा एकट्याचाच.

मे 1909 मध्ये एडिंबरोला खटला चालला. स्लेटर जुगारी होता, लग्नाशिवाय एका बाईबरोबर राहत होता, आणि ज्युरीपुढे मुख्य पुरावा जणू हाच ठेवला गेला. 15 जणांपैकी 9 जण दोषी म्हणाले, 5 जण सिद्ध झालं नाही म्हणाले, एक जण निर्दोष म्हणाला. तिथे साधं बहुमत पुरायचं. फाशी! पण लोकांनाच ते पटेना. वीस हजारांच्या आसपास सह्यांचा अर्ज गेला आणि फाशीच्या दोन दिवस आधी तिची जन्मठेप झाली. मला विचाराल तर ही तडजोड सगळ्यात विचित्र. खून केला असेल तर त्या काळच्या कायद्याने फाशी, केला नसेल तर सुटका. अर्धा खून कसा करतात?

डॉयलनी 1912 मध्ये यावर छोटी पुस्तिका काढली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. दार फोडलेलं नाही, म्हणजे बाईंनी ओळखीच्या माणसाला आत घेतलं असणार. पेटी फोडली, म्हणजे त्याला दागिने नाही, कागद हवा होता. स्लेटर तर बाईंना ओळखतच नव्हता. पुढे 1914 मध्ये ट्रेंच नावाच्या ग्लासगोच्याच डिटेक्टिव्हने सांगितलं, की मोलकरणीने त्याच रात्री दुसऱ्याच एका माणसाचं नाव घेतलं होतं. बंद दाराआड चौकशी झाली, निकाल तसाच राहिला, आणि नोकरी गेली ती ट्रेंचची! 1919 मध्ये तो वारला.

स्लेटर पीटरहेडच्या तुरुंगात दगड फोडत राहिला. 1925 मध्ये सुटलेल्या एका कैद्याने त्याची चिठ्ठी तोंडात लपवून बाहेर आणली आणि डॉयलपर्यंत पोचवली. डॉयल तेव्हा पासष्टीचे, आणि भुताखेतांत पार बुडालेले. ज्या माणसाने गहाणपावतीची तारीख तपासली त्यानेच पऱ्यांचे बनावट फोटो खरे मानले, याचं कोडं मला आजही सुटलेलं नाही. पण चिठ्ठी वाचून ते पुन्हा उठले. विल्यम पार्क या पत्रकाराचं पुस्तक त्यांनी 1927 मध्ये छापून आणलं, पेपरवाले मागे लागले, आणि त्याच नोव्हेंबरात साडेअठरा वर्षांनी स्लेटर बाहेर आला.

स्कॉटलंडचं अपील कोर्ट 1926 चं, जुन्या केसेस त्यात बसत नव्हत्या. खास कायदा करावा लागला. जुलै 1928 मध्ये शिक्षा रद्द झाली, पण कारण दिलं ते एवढंच, की जज्जांनी आरोपीच्या चारित्र्याबद्दल ज्युरीला चुकीचं सांगितलं. पोलिसांवर ठपका नाही!

स्लेटरला 6,000 पौंड मिळाले. अपिलाच्या खर्चासाठी डॉयल हमी राहिले होते. त्यांचं म्हणणं, स्लेटरने यातून तो द्यावा. स्लेटर म्हणे, मी काही केलंच नाही तर खर्च सरकारने द्यावा. भांडण पेपरांपर्यंत गेलं. खरं तर डॉयलना हा माणूस कधीच आवडला नव्हता, तरी इतकी वर्षं त्याच्यासाठी झगडले. 7 जुलै 1930 ला डॉयल गेले, तोवर दोघांत समेट झालेला नव्हता. स्लेटर 1948 पर्यंत जगला. गिलख्रिस्ट बाईंचा खुनी शेवटपर्यंत सापडला नाही.