बुलडोझरसमोर उभी राहिलेली मुलगी

१६ मार्च २००३, रविवार. गाझा पट्टीच्या पार दक्षिण टोकाला, इजिप्तच्या हद्दीला खेटून असलेल्या रफाह शहरात, संध्याकाळी पाचच्या सुमारास तेवीस वर्षांची एक अमेरिकन मुलगी इस्रायली लष्कराच्या बुलडोझरखाली सापडून मेली. तिचं नाव रेचल कोरी. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. म्हणजे आपल्या बी.ई.च्या पोरांपेक्षा जेमतेम एक-दोन वर्षांनी मोठी. आज फर्स्ट इयरला असलेल्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, त्यामुळे हे नाव फारसं कुणाच्या कानावर नसेल. पण एकेकाळी ते जगभर गाजलं. तिच्यावर नाटक आलं, एका जहाजाला तिचं नाव दिलं गेलं, कोर्टात दहा वर्षं केस चालली. केस कशाची? तर यंत्र चालवणाऱ्याला पुढचं माणूस दिसलं होतं की नव्हतं, याची. म्हणूनच इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंकात तिच्याबद्दल लिहावंसं वाटलं.

रेचलचा जन्म १० एप्रिल १९७९चा, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पिया गावचा. (व्हाइट हाऊसवालं वॉशिंग्टन वेगळं, ते देशाच्या दुसऱ्या टोकाला. हे पॅसिफिक किनाऱ्यावरचं, सिॲटलवालं.) तीन भावंडांत ही धाकटी. वडील विमा क्षेत्रात नोकरीला, आई संगीतातली. घर खाऊनपिऊन सुखी. वडिलांबद्दलची एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, पुढे तिची गरज पडेल. तरुणपणी ते व्हिएतनाम युद्धात अमेरिकन लष्कराच्या इंजिनिअर तुकडीत होते आणि बुलडोझरसारखी अवजड यंत्रं त्यांच्या हाताखाली होती.

पाचवीत असताना शाळेच्या एका कार्यक्रमात रेचलने जगातल्या भुकेवर भाषण केलं होतं. २००० सालापर्यंत भूक संपवायची, असं त्या दहा वर्षांच्या मुलीने सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं. त्याचं व्हिडिओ चित्रण अजून आहे. आपण सगळ्यांनीच शाळेत अशी भाषणं ठोकलेली असतात, स्वच्छतेवर, व्यसनमुक्तीवर, आणि बक्षिसाची वही घेऊन घरी आल्यावर विसरूनही जातो. हिने ते बहुधा विसरलं नाही, एवढाच फरक. शाळेत असतानाच ती रशियाला जाऊन आली आणि जग आपल्या गावाएवढं नाही हे तिला लवकर कळलं.

पुढे तिने गावातल्याच एव्हरग्रीन स्टेट कॉलेजात प्रवेश घेतला. या कॉलेजात मार्क नसतात, ग्रेडही नसतात. वर्षभराच्या कामाबद्दल शिक्षक चार परिच्छेद लिहून देतात! (केटीने गांजलेल्या अनेकांना आत्ताच फॉर्म भरावासा वाटला असेल.) मधे तिने शिक्षणातून एक वर्ष बाजूला काढून निसर्गसंवर्धनाच्या कामात घालवलं. तीन वर्षं दर आठवड्याला मनोरुग्णांना भेटायला जात होती. लिहायची खूप, चित्रं काढायची. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत युद्धाची भाषा सुरू झाली तेव्हा ती गावातल्या शांततावादी गटांत काम करू लागली आणि तिथूनच पॅलेस्टाइनच्या प्रश्नाकडे वळली. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तिने विषय घेतला तो ऑलिम्पिया आणि रफाह या दोन गावांना भगिनी-शहरं म्हणून जोडण्याचा. त्यासाठी २००३च्या जानेवारीत ती निघाली. प्रोजेक्टसाठी आपण जवळच्या एमआयडीसीतल्या कंपनीपर्यंत जातो, ही रफाहला गेली.

रफाह म्हणजे काय ते थोडं सांगायला हवं. १९४८ साली इस्रायलची स्थापना झाली त्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी घरादाराला मुकले. त्यातले कितीतरी गाझा पट्टीत येऊन निर्वासित छावण्यांत राहिले. ही पट्टी सगळी मिळून ३६५ चौरस किलोमीटरची. १९६७च्या युद्धात इस्रायलने ती ताब्यात घेतली. १९८२ला सिनाई इजिप्तला परत देताना सीमारेषा रफाह गावाच्या मधोमध गेली. एक भाऊ इकडे, दुसरा तिकडे आणि मधे काटेरी तारा. २००० साली दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनी उठाव, सुरू झाला. इस्रायलच्या बसमध्ये, हॉटेलांत आत्मघाती स्फोट होऊन सामान्य माणसं मरत होती, हेही खरं आहे. सीमेखालून बोगदे खणून इजिप्तमधून शस्त्रं आणली जातात म्हणून सीमेलगतची घरं पाडावी लागतात, असं लष्कराचं म्हणणं होतं. बोगदे होतेच. पण ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २००४ साली हिशेब मांडला तेव्हा दिसलं की चार वर्षांत गाझात २,५०० हून अधिक घरं पाडली गेली, त्यातली जवळजवळ दोन तृतीयांश एकट्या रफाहमधली. १६,००० हून जास्त लोक बेघर झाले, म्हणजे गावातला दर दहावा माणूस. एवढी घरं बोगद्यांसाठी पाडण्याची गरज नव्हती, असा त्या संस्थेचा निष्कर्ष होता.

रोजचं जगणंही बघा. रफाहहून गाझा शहरातल्या कॉलेजात जायचं म्हणजे तीसेक किलोमीटरचा प्रवास. मधे अबू होली नावाचा लष्करी नाका. तो उघडा असला तर जायचं, बंद झाला तर तासन् तास उन्हात थांबायचं, नाहीतर परत फिरायचं. परीक्षा असो की आणखी काही. आपल्याकडे एसटीचा संप झाला की पेपर पुढे ढकलतात.

अशा ठिकाणी परदेशी माणसाने जाऊन करायचं काय? इंटरनॅशनल सॉलिडॅरिटी मूव्हमेंट ही संघटना २००१ साली स्थापन झाली होती. तिचा हिशेब सरळ होता. पॅलेस्टिनी माणूस मेला तर जगात बातमी होत नाही. पण अमेरिकेचा, ब्रिटनचा पासपोर्ट असलेला माणूस मधे उभा असेल तर बंदूकवाला जरा थबकेल. म्हणून हे कार्यकर्ते हत्याराशिवाय घरांसमोर, नाक्यांवर उभे राहायचे. इस्रायली सरकारच्या मते ही मंडळी भाबडी, बेजबाबदार आणि अतिरेक्यांना आडोसा देणारी होती. रेचलने दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं आणि ती रफाहला आली.

तिथे तिला जेमतेम दोन महिने मिळाले. ३० जानेवारीला लष्कराच्या बुलडोझरांनी गावच्या दोन मोठ्या विहिरी उद्ध्वस्त केल्या. गावाला होणाऱ्या पाणीपुरवठ्यातलं निम्मं पाणी या दोन विहिरींचं. नगरपालिकेचे कामगार दुरुस्तीला आले की त्यांच्यावर गोळीबार होऊ नये म्हणून रेचल आणि तिचे साथीदार भोवती उभे राहायचे. रात्री सीमेजवळच्या घरांत झोपायचे, म्हणजे ते घर रात्रीत पडणार नाही. ती मोडकीतोडकी अरबी शिकली, मुलांसोबत बसून अरबीत डब केलेली कार्टून बघायची, आणि घरी आईला लांबलचक ई-मेल लिहायची. त्या ई-मेलमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. आपण इथून कधीही उठून घरी जाऊ शकतो आणि हे लोक जाऊ शकत नाहीत, याची तिला लाज वाटत होती.

फेब्रुवारीत इराक युद्धाविरुद्ध जगभर मोर्चे निघाले, त्या वेळी रफाहमध्ये तिने मुलांसमोर कागदावर काढलेला अमेरिकेचा झेंडा जाळला. तो फोटो नंतर तिच्या विरोधकांनी पुष्कळ फिरवला. माझ्या मते ते तिने करायला नको होतं. पण त्या फोटोवरून तिच्या मरणाचा हिशेब करणं हेही बरोबर नाही.

आता त्या यंत्राविषयी. माती उकरणारं काहीही दिसलं की आपण त्याला जेसीबी म्हणतो. आपला नेहमीचा जेसीबी सात-आठ टनांचा. कॅटरपिलर कंपनीचा डी-नाईन चेनवर चालतो, इंजिन साधारण चारशे हॉर्सपॉवरचं, नुसतं वजन पन्नास टनांच्या घरात. इस्रायली लष्कर त्यावर चिलखत चढवतं, पोलादी पत्रे, जाड बुलेटप्रूफ काचा, आणि वजन साठ टनांच्या वर जातं. पुढचं ब्लेड माणसाच्या उंचीचं. सैनिकांनी त्याला लाडाने हिब्रूत टेडी बेअर असं नाव ठेवलंय. गोळीपासून बचाव होतो, पण काच लहान आणि केबिन उंच झाल्यामुळे ब्लेडच्या लगतचं फारसं काही दिसत नाही. म्हणून आत ड्रायव्हरशेजारी कमांडरही बसतो. साध्या बांधकामाच्या साइटवरसुद्धा अशा वेळी खाली एक माणूस इशारे द्यायला उभा करतात आणि कुणी जवळ आलं तर काम थांबवतात.

त्या रविवारी दोन डी-नाईन सीमेजवळ काम करत होते. सात कार्यकर्ते होते, चार अमेरिकन, तीन ब्रिटिश. लांबून दिसावं म्हणून भडक केशरी जाकिटं, हातात कर्णा. बराच वेळ लपाछपीसारखं चाललं होतं. हे समोर जायचे, बुलडोझर अगदी जवळ येऊन थांबायचा, नाहीतर वळायचा. पाचच्या सुमारास एक बुलडोझर एका औषधविक्रेत्याच्या घराच्या दिशेने निघाला. या कुटुंबात रेचल अनेकदा राहिली होती, त्यांची मुलं तिला ओळखत होती. ती मधे जाऊन उभी राहिली. साथीदारांच्या सांगण्यानुसार ब्लेडसमोर मातीचा ढीग साचत गेला, ती त्यावर चढली, इतकी वर की ड्रायव्हरच्या नजरेस पडावी. मग तिचा तोल गेला. बाकीचे ओरडत, हात हलवत धावले. यंत्र पुढे गेलं आणि मग त्याच वाटेने मागे आलं. दवाखान्यात नेलं, पण ती वाचली नाही.

लष्कराच्या चौकशीचं म्हणणं वेगळं. त्या दिवशी घर पाडायचंच नव्हतं, झाडझाडोरा साफ करणं चालू होतं. ड्रायव्हरला ती दिसलीच नाही. हा अपघात, आणि दोष कार्यकर्त्यांच्या वागण्याचा. अमेरिकन सरकारनेही नंतर कुटुंबाला कळवलं की ही चौकशी सखोल आणि पारदर्शक झाली असं त्यांना वाटत नाही. त्यापलीकडे मात्र त्यांनी काही केलं नाही. इथे वडिलांचा तो व्हिएतनामचा अनुभव आठवा. केबिनमधून पुष्कळ काही दिसत नाही हे त्यांना मान्यच होतं. पण ब्लेडपुढे काय आहे हे माहीत करून घेणं ही चालवणाऱ्याची जबाबदारी, दिसत नसेल तर थांबायचं, असं ते सांगत राहिले.

ती गेली आणि चारच दिवसांत इराकवर हल्ला सुरू झाला. बातमी त्याखाली गाडली गेली. पुढच्या दोन महिन्यांत तिथेच आणखी परदेशी माणसं बळी पडली. ब्रिटिश विद्यार्थी टॉम हर्नडॉल याला ११ एप्रिलला रफाहमध्ये मुलांना गोळीबारातून बाजूला नेताना डोक्यात गोळी लागली. तो पुढच्या जानेवारीत वारला. मे महिन्यात ब्रिटिश चित्रपटकार जेम्स मिलर मारला गेला. म्हणजे पासपोर्टचा तो हिशेब चुकला होता. आणि रेचलच्या आधी दोन आठवड्यांपूर्वी, ३ मार्चला, बुरेज छावणीत शेजारचं घर सुरुंगाने उडवताना भिंत कोसळून एक दिवस भरलेली बाई चिरडून मेली होती. तिच्यावर कुणी नाटक लिहिलं नाही. रेचलला स्वतःला हा फरक सगळ्यात जास्त खुपला असता.

आईवडिलांनी मग दोन देशांत दावे लावले. अमेरिकेत कॅटरपिलरवर २००५ साली दावा केला. यंत्र कशासाठी वापरलं जातं हे ठाऊक असून विकलं, असा मुद्दा. कोर्टाने तो फेटाळला, २००७ साली अपिलातही तेच. कारण वाचण्यासारखं आहे. हे बुलडोझर अमेरिकन सरकारच्या लष्करी मदतीच्या पैशांतून गेले होते, तेव्हा कंपनीला दोषी धरायचं म्हणजे देशाच्या परराष्ट्र धोरणाचा निवाडा करायचा, आणि तो कोर्टाचा अधिकार नाही! दुसरा दावा हैफाच्या कोर्टात, इस्रायल सरकारवर, नुकसानभरपाई नाममात्र एक डॉलर. तिथे ड्रायव्हरची साक्ष पडद्याआडून झाली. आईवडील समोर बसलेले, पण तो दिसला नाही. २८ ऑगस्ट २०१२ला निकाल लागला: अपघात, युद्धजन्य परिस्थिती, मुलीने धोका स्वतः ओढवून घेतला, सरकार जबाबदार नाही. २०१५च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तोच कायम केला.

मधल्या काळात तिच्या डायऱ्या आणि ई-मेलवरून बेतलेलं नाटक २००५ साली लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरात आलं. ते न्यूयॉर्कला व्हायचं होतं ते तिथल्या थिएटरने आयत्या वेळी पुढे ढकललं, त्यावरून मोठा गदारोळ झाला. २०१० साली तिच्या नावाचं जहाज सिमेंट आणि औषधांची उपकरणं घेऊन गाझाकडे निघालं, ते इस्रायली नौदलाने वाटेत अडवलं. ज्या घरासमोर ती उभी होती ते त्या दिवशी वाचलं, पण पुढे पाडलं गेलंच. त्या घरातली माणसं नंतर अमेरिकेत कोरी कुटुंबाला भेटायला जाऊन आली. आईवडिलांनी ऑलिम्पियात तिच्या नावाने संस्था काढली आणि ते स्वतःही गाझाला जाऊन आले.

गाझातल्या इस्रायली वसाहती आणि सैन्य २००५ साली निघालं, २००७ पासून नाकेबंदी आली. ७ ऑक्टोबर २०२३ला हमासने इस्रायलमध्ये घुसून सुमारे १,२०० माणसं मारली, त्यानंतरच्या युद्धात दहा लाखांहून जास्त लोक पळत पळत रफाहमध्ये येऊन राहिले होते. मे २०२४मध्ये सैन्य रफाहमध्येही शिरलं आणि शहराचा बहुतेक भाग जमीनदोस्त झाला. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला वेस्ट बँकमधल्या बेता गावात आयशेनूर एझगी एयगी या सव्वीस वर्षांच्या तरुणीला गोळी लागून ती मेली. तीही रेचलच्याच संघटनेची स्वयंसेवक, आणि वॉशिंग्टन राज्यातल्याच विद्यापीठाची नुकतीच पदवी घेतलेली. त्या युद्धात डी-नाईनही होतेच. त्यातले काही नवीन पद्धतीचे, रिमोटवर चालणारे. त्यांच्या केबिनमध्ये कुणीच नसतं.