विश्लेषण : बातम्या, भाषणे, नाटके... रेडिओचा दिवस घडवणारे जॉन रीथ कोण होते?

सकाळी प्रादेशिक बातम्या, दुपारी वनिता मंडळ, संध्याकाळी कामगार सभा, रात्री एखादी श्रुतिका. आकाशवाणी ऐकत वाढलेल्या मराठी पिढ्यांना दिवसाचे हे वेळापत्रक तोंडपाठ होते. एकाच केंद्रावर, एकाच दिवसात, शेतकऱ्यापासून शाळकरी मुलापर्यंत प्रत्येकासाठी काहीतरी असावे, ही कल्पना लंडनमध्ये ठामपणे रुजवली ती बीबीसीचे पहिले प्रमुख जॉन रीथ यांनी. श्रोत्याने काय ऐकावे, हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा, हा आजही न सुटलेला प्रश्न त्यांच्या आयुष्याच्या केंद्रस्थानी होता.

रेडिओकडे कसे आले?

रीथ यांचा जन्म २० जुलै १८८९ रोजी स्कॉटलंडमधील स्टोनहेवन येथे झाला. वडील धर्मोपदेशक. सात भावंडांत जॉन धाकटे. शिक्षण अभियंत्याचे. पहिल्या महायुद्धात १९१५मध्ये गोळी लागून त्यांचा गाल फाटला आणि तो व्रण आयुष्यभर राहिला. साडेसहा फूट उंची आणि करडा चेहरा यामुळे समोरचा माणूस दबकूनच असे.

१९२२मध्ये रेडिओ संच बनवणाऱ्या कंपन्यांनी एकत्र येऊन ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी काढली. व्यवस्थापकाच्या जागेची जाहिरात पाहून रीथ यांनी अर्ज केला. प्रसारण म्हणजे नेमके काय, याची त्यांना तेव्हा फारशी कल्पनाही नव्हती. तरीही नोकरी मिळाली. तेव्हा ते ३३ वर्षांचे होते.

दिवसाचे वेळापत्रक कसे आखले?

कंपन्यांना संच विकायचे होते. रीथ यांना मात्र रेडिओत सार्वजनिक सेवा दिसली. माहिती, शिक्षण आणि मनोरंजन ही त्यांची त्रिसूत्री. जाहिराती नकोत, खर्च श्रोत्यांच्या वार्षिक परवाना शुल्कातून भागावा, म्हणजे जाहिरातदाराचे मन राखावे लागणार नाही, असे त्यांचे गणित होते.

फेब्रुवारी १९२४पासून अचूक वेळ सांगणारे ठोके ऐकू येऊ लागले. त्याच वर्षी शाळांसाठी कार्यक्रम सुरू झाले. जानेवारी १९२८पासून रोजची प्रार्थना आली. हवामान, मुलांचा तास, बातम्या, तज्ज्ञांची भाषणे, नाटके आणि संगीत यांची मुद्दाम सरमिसळ केलेली असे. नाचगाण्यासाठी रेडिओ लावणाऱ्याच्या कानावर विज्ञानावरचे भाषणही पडावे, हा त्यामागचा हेतू.

भाषणांचा सूर कुणी बदलला?

सुरुवातीची भाषणे सभेत केल्यासारखी असत. भाषण विभागाच्या प्रमुख हिल्डा मॅथेसन यांनी हे बदलले. श्रोता घरात एकटा किंवा कुटुंबासोबत बसलेला असतो, त्याच्याशी गप्पा मारल्यासारखे बोलावे, असा त्यांचा आग्रह होता. वक्त्यांकडून त्या तालीम करून घेत. १९२८मध्ये सर्व प्रौढ स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार मिळाला. पुढच्याच वर्षी मॅथेसन यांनी नव्या मतदार स्त्रियांना संसदेचे कामकाज समजावणारा कार्यक्रम सुरू केला. आधुनिक साहित्य आणि वादग्रस्त विषयांवरून त्यांचे रीथ यांच्याशी खटके उडाले आणि १९३१मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

१९२६च्या संपात काय घडले?

ही रीथ यांची खरी परीक्षा होती. मे १९२६मध्ये ब्रिटनमध्ये नऊ दिवस सार्वत्रिक संप झाला. बहुतेक वृत्तपत्रे बंद पडली. एरवी वृत्तपत्रांच्या दबावामुळे संध्याकाळी सातपूर्वी बातम्या देण्यास मनाई असे. संपकाळात मात्र दिवसाला पाच बातमीपत्रे जाऊ लागली. मंत्री विन्स्टन चर्चिल यांना रेडिओ थेट सरकारच्या ताब्यात हवा होता. रीथ यांनी त्याला विरोध केला आणि ताबा टळला.

पण त्याची किंमतही मोजावी लागली. मजूर पक्षाचे नेते रॅम्से मॅकडोनाल्ड यांना बोलू दिले गेले नाही. कँटरबरीच्या आर्चबिशपांचे समेटाचे आवाहनही सुरुवातीला रोखले गेले. संस्था वाचली, पण संपकऱ्यांची बाजू पुरेशी ऐकू आली नाही. १ जानेवारी १९२७ रोजी राजसनदेने बीबीसी सार्वजनिक महामंडळ झाले आणि रीथ त्याचे पहिले महासंचालक.

टीका कशावरून झाली?

रविवारी सकाळी रेडिओ बंद. त्यानंतरही बहुतांश धार्मिक आणि गंभीर कार्यक्रमच. कंटाळलेले श्रोते युरोपातील व्यापारी केंद्रे लावत. कर्मचाऱ्यांच्या खासगी आयुष्यावरही रीथ यांची नजर असे. घटस्फोटाच्या प्रकरणातून १९२९मध्ये मुख्य अभियंता पीटर एकर्स्ली यांना जावे लागले. लोकांना काय हवे यापेक्षा त्यांच्या भल्याचे काय, हे आपल्याला कळते, असा रीथ यांचा विश्वास होता. तेच त्यांचे बळ आणि तोच त्यांचा दोष.

भारताशी संबंध काय?

जुलै १९२७मध्ये मुंबईत खासगी कंपनीचे रेडिओ केंद्र सुरू झाले, पण १९३०मध्ये ती कंपनी बुडाली आणि प्रसारण सरकारकडे आले. १९३५मध्ये बीबीसीतील लायोनेल फील्डन भारताचे प्रसारण नियंत्रक म्हणून आले. पुढच्या वर्षी ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. कार्यक्रमांच्या सरमिसळीची लंडनची पद्धत इथेही आली. फरक मोठा होता. बीबीसीला सनद होती. इथला रेडिओ थेट सरकारी खाते राहिला आणि प्रसारभारतीची स्थापना होण्यास १९९७ उजाडले.

पुढे काय झाले?

१९३८मध्ये रीथ यांनी बीबीसी सोडली. तोवर परवानाधारक ८० लाखांहून अधिक झाले होते. इम्पीरियल एअरवेजचे प्रमुखपद, मग मंत्रिपद मिळाले. १९४२मध्ये चर्चिल यांनी त्यांना मंत्रिमंडळातून वगळले. बीबीसी सोडल्याची खंत त्यांना अखेरपर्यंत राहिली. १९४८पासून त्यांच्या नावाने रेडिओ व्याख्यानमाला सुरू झाली. १६ जून १९७१ रोजी एडिनबरा येथे त्यांचे निधन झाले.

आज मोबाइलवर आपण जे ऐकतो तेच आणखी पुढे येत राहते. रीथ यांचे वेळापत्रक नेमके उलट होते. त्यात न मागितलेलेही कानावर पडे. निवड तेव्हा एका करड्या माणसाची होती, आता ती संगणकीय गणिताची आहे. श्रोत्याचा प्रश्न मात्र तोच आहे : माझ्यासाठी निवडणाऱ्याला जाब कोण विचारणार?