पावसाला वाट करून देणारा स्टीव्हन्स

जोराची सर आली की बोरीबंदरसमोरची माणसं छत्र्या सावरत आत पळतात. वर पाहायला सवड कुणाला? पण पाहिलंच, तर भिंतीबाहेर माना काढलेली दगडी जनावरं दिसतात. ती नुसती शोभेची नव्हेत. आपल्या देवळांतली गोमुखं, मकरमुखं याच जातीची. छतावरचं पाणी भिंतीवरून ओघळलं तर ते सांध्यांत मुरतं आणि चुना खातं. म्हणून ते जनावराच्या तोंडातून लांब फेकायचं.

ही इमारत योजणारा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स १८४७ साली इंग्लंडमधल्या बाथ गावी जन्मला. विशीत, १८६७ साली, तो सरकारी बांधकाम खात्यात नोकरीसाठी इकडे आला. तिकडचा पाऊस वर्षभर भुरभुरणारा, आपला चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर कोसळणारा. विलायती गॉथिक घडण जशीच्या तशी उचलून इथं चालणार नव्हती. खोल व्हरांडे, कमानींच्या ओळी आणि त्यांवर पाणी ओतणारी शिल्पं, असा मेळ त्यानं घातला.

युरोपातली स्थानकं पाहून आल्यावर १८७८ साली काम सुरू झालं, ते १८८८ साली संपलं. खर्च सोळा लाखांच्या घरात. (आयुष्य बँकेत गेल्यामुळे मला आकडा आधी दिसतो. एवढं तारण पुन्हा मिळणे नाही!) पानं, पक्षी, माकडं कोरली ती जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी. याचं श्रेय सर्रास लॉकवुड किपलिंगला दिलं जातं, पण तो १८७५ सालीच लाहोरला गेला होता. त्या पोरांची नावं मात्र कुणी दगडावर घातली नाहीत, याची चुटपुट लागते.

पुढे महापालिकेची इमारत झाली १८९३ साली, चर्चगेटची रेल्वे कचेरी १८९९ साली. मलेरिया डासांमुळे पसरतो, हे रोनाल्ड रॉसनं १८९७ साली सिकंदराबादेत दाखवायला सुरुवात केली होती. साचल्या पाण्यात वाढणाऱ्या त्या डासांच्याच तापानं स्टीव्हन्स १९०० सालच्या मार्चमध्ये मुंबईत गेला. वय बावन्न. शिवडीच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. मुलगा चार्ल्सही वास्तुरचनाकार झाला. कुलाब्याचं रीगल चित्रपटगृह त्याचं.