रॉबर्ट ओवेन

रॉबर्ट ओवेन (जन्म : न्यूटाऊन, वेल्स, १४ मे १७७१, मृत्यू : न्यूटाऊन, १७ नोव्हेंबर १८५८) हे ब्रिटिश गिरणीमालक आणि समाजसुधारक होते. स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथील सूतगिरणीत त्यांनी कामगारांचे तास, घरे, मुलांचे शिक्षण आणि देखरेखीची पद्धत यांत केलेल्या सुधारणांसाठी ते ओळखले जातात. सहकारी चळवळीच्या प्रवर्तकांतही त्यांची गणना होते.

पूर्वायुष्य

ओवेन यांचे वडील खोगिरे तयार करीत व लोखंडी सामान विकत. रॉबर्ट यांचे शालेय शिक्षण दहाव्या वर्षाच्या आतच संपले. स्टॅमफर्ड येथे एका कापड दुकानदाराकडे त्यांनी उमेदवारी केली. पुढे लंडन व मँचेस्टर येथे नोकऱ्या केल्या. वयाच्या विशीतच मँचेस्टरमधील सुमारे ५०० कामगारांच्या एका सूतगिरणीचे ते व्यवस्थापक झाले. १७९९ मध्ये त्यांनी भागीदारांसह डेव्हिड डेल यांच्याकडून न्यू लॅनार्कची गिरणी ६०,००० पौंडांना विकत घेतली. त्याच वर्षी डेल यांची कन्या कॅरोलाइन यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

न्यू लॅनार्क

जानेवारी १८०० मध्ये ओवेन यांनी गिरणीचा कारभार हाती घेतला. क्लाइड नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या या गिरणीत अनाथालयांतून आणलेली शेकडो मुले राबत असत. डेल हे त्या काळच्या मानाने दयाळू मालक होते. तरीही चोरी, दारू आणि गैरहजेरी नित्याची होती. नवा मालक परका, त्यातून वेल्सचा, म्हणून कामगार त्यांच्याकडे संशयानेच पाहत. हा संशय उपदेशाने गेला नाही. अमेरिकेने निर्यातबंदी केल्याने कापूस महागला, तेव्हा गिरणी चार महिने बंद ठेवावी लागली. ओवेन यांनी कोणालाही काढले नाही; यंत्रे स्वच्छ ठेवण्याच्या कामावर सर्वांना पूर्ण मजुरी दिली. त्यासाठी ७,००० पौंडांहून अधिक खर्च आला. त्यानंतर कामगार त्यांच्या बाजूचे झाले.

देखरेखीसाठी प्रत्येक कामगाराजवळ चार बाजूंचा एक लाकडी ठोकळा टांगलेला असे. आदल्या दिवसाचे काम वाईट असल्यास काळी, बेताचे असल्यास निळी, चांगले असल्यास पिवळी व उत्कृष्ट असल्यास पांढरी बाजू समोर येई. शेऱ्याची नोंद वहीत होई. मुकादमाचा शेरा अन्यायाचा वाटल्यास कामगाराला थेट ओवेन यांच्याकडे दाद मागता येई, आणि या पद्धतीचा खरा वेगळेपणा तोच म्हणावा लागेल. शिव्या आणि मारहाण यांची जागा अशा रीतीने रंगाने घेतली.

दहा वर्षांखालील मुलांना कामावर घेणे बंद झाले. १८१६ पर्यंत कामाचा दिवस जेवणाच्या सुट्ट्या वगळता पावणेअकरा तासांवर आला. गिरणीच्या दुकानात चांगला माल रास्त दराने मिळे व नफा शाळेसाठी खर्च होई. १८१६ मध्ये उघडलेल्या शिक्षणसंस्थेत लहान मुलांना शिक्षा न करता शिकवले जाई. नकाशे, संगीत आणि नृत्य यांना तेथे स्थान होते. यंत्रांची निगा राखणारा मालक माणसांची निगा का राखत नाही, हा ओवेन यांचा इतर गिरणीमालकांना प्रश्न होता.

गिरणी फायद्यात असूनही भागीदारांना हा खर्च खटकत असे. १८१३ च्या लिलावात ओवेन यांनी नवे भागीदार जमवून गिरणी १,१४,१०० पौंडांना पुन्हा घेतली. तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम हे या भागीदारांपैकी एक होते. नव्या भागीदारीत भांडवलावर पाच टक्के परतावा देऊन उरलेला नफा कामगारांच्या हितासाठी वापरायचा होता.

या साऱ्यात कामगारांना निर्णयाचा अधिकार मात्र नव्हता. घरांच्या स्वच्छतेची तपासणी होई आणि तिला स्त्रियांनी विरोध केला. दारूसाठी दंड होता. ओवेन यांचा कारभार कनवाळू खरा, पण तो घरातील कर्त्या पुरुषाचा होता.

कायदा व उत्तरायुष्य

ओवेन यांच्या प्रयत्नांनंतर १८१९ मध्ये ब्रिटिश संसदेने कापूस गिरण्यांपुरता कायदा केला. नऊ वर्षांखालील मुलांना कामास बंदी आणि सोळा वर्षांपर्यंत बारा तासांची मर्यादा, एवढेच त्यात उरले होते. तपासनीस नेमले नसल्याने तो कागदावरच राहिला.

१८२५ मध्ये त्यांनी अमेरिकेतील इंडियाना राज्यात न्यू हार्मनी ही समाईक मालकीची वसाहत स्थापली. ती दोन वर्षांतच मोडली आणि त्यांची बहुतेक संपत्ती त्यात गेली. गिरणीतील शिस्त ज्यांनी इतक्या बारकाईने बसवली, त्यांनी या वसाहतीत कोणालाही विनापारख प्रवेश द्यावा, हे आश्चर्याचे आहे. १८३४ मध्ये स्थापन झालेला त्यांचा कामगार महासंघही काही महिन्यांतच विस्कळीत झाला. १८४४ मध्ये रॉचडेल येथे सहकारी दुकान काढणाऱ्यांपैकी काहीजण ओवेन यांचे अनुयायी होते.

न्यू लॅनार्कची गिरणी १९६८ पर्यंत चालू होती. २००१ मध्ये या वसाहतीचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.