व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन

आपली कला दुसऱ्याला देणारे कलावंत पुष्कळ. पण स्वतः जगात नावाजल्यावर दुसऱ्याची कला शिकायला बसणारे फार थोडे. यहुदी मेन्युहिन हे त्यांपैकी एक.

त्यांचा जन्म २२ एप्रिल १९१६ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. आईवडील रशियातून आलेले ज्यू. सातव्या वर्षीच त्यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे मोठ्या वाद्यवृंदाबरोबर व्हायोलिन वाजवले. १९२९ साली, तेरावे वर्षही पुरे व्हायचे होते, तेव्हा त्यांनी बर्लिनचे जाणकार श्रोते थक्क केले. धाकटी बहीण हेफ्झिबा पियानोवर त्यांच्याबरोबर वाजवीत असे. महायुद्धात त्यांनी सैनिकांसाठी पाचशेंवर कार्यक्रम केले. १९४५ साली बेल्सनच्या छळछावणीतून वाचलेल्यांपुढे वाजवले, आणि १९४७ साली जर्मनीत जाऊन जर्मन वादकांबरोबरही वाजवले. त्यामुळे अनेक ज्यू बांधव रागावले. पण वैर मिटवायला कोणीतरी पुढे व्हावेच लागते, हे त्यांनी कृतीने दाखवले.

१९५२ साली पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून ते भारतात आले व दुष्काळनिधीसाठी कार्यक्रम केले. दिल्लीत त्यांनी पंडित रविशंकरांची सतार ऐकली आणि आपल्या रागसंगीताने ते भारून गेले. मुंबईत पुण्याचे योगाचार्य अय्यंगार भेटले. थकलेल्या शरीराला योगासनांनी आराम मिळाला, तेव्हा मेन्युहिन त्यांचे शिष्य झाले आणि १९५४ साली त्यांना स्वित्झर्लंडला घेऊन गेले.

१९५५ साली त्यांनी रविशंकरांना अमेरिकेस बोलावले. त्यांना जमले नाही, म्हणून सरोदवादक अली अकबर खाँ गेले. तबल्यावर चतुरलाल होते. न्यूयॉर्कच्या त्या कार्यक्रमात मेन्युहिन यांनी स्वतः श्रोत्यांना त्यांची ओळख करून दिली.

१९६६ साली इंग्लंडमधील बाथच्या महोत्सवात मेन्युहिन आणि रविशंकर एकत्र वाजवायला बसले. हे सोपे नव्हते. पाश्चात्त्य वादक लिहिलेले स्वर पाहून वाजवतो, तर आपल्याकडे राग जागच्या जागी फुलवायचा असतो. पन्नाशीच्या या जगप्रसिद्ध वादकाने विद्यार्थ्यासारखी तालीम केली. तबल्याला अल्लारखा होते. त्या दोघांच्या ध्वनिमुद्रिकेला पुढे ग्रॅमी पुरस्कारही मिळाला.

१९६३ साली त्यांनी इंग्लंडमध्ये मुलांसाठी संगीतशाळा काढली. १२ मार्च १९९९ रोजी बर्लिन येथे त्यांचे निधन झाले.

भगिनींनो, आपल्या मंडळात कोणी ओव्या जाणते, कोणी पेटी वाजवते. जिला येते तिने शिकवावे, आणि वयाचा संकोच सोडून बाकीच्यांनी शिकावे. मेन्युहिन यांच्या चरित्रातून एवढे घेतले तरी पुष्कळ झाले.